बुधवारची टकटक

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी एका निवृत्त साहेबांकडून साडेतीनशे सीसीची जुनी फटफटी घेतली. देताना साहेब टाकीवरून हात फिरवत म्हणाले, "हिचा आवाज आला की माणसं उठून उभी राहायची." कशाला उभी राहायची, ते त्यांनी सांगितलं नाही. मला तिच्या इंजिनातून फक्त टकटक ऐकू यायची, कुणी एकच पातेलं ठोकत बसावं तशी.

गाडी घेतली ती बायकोसाठी. ती बारवी धरणाकडच्या एका वाडीवर नर्स होती आणि आम्ही राहायचो बदलापूरला. दर बुधवारी बर्फ भरलेली लसीची पेटी मांडीवर घेऊन ती मागे बसायची. बर्फ टिकेल तोवर लस. नंतर सगळं वाया. एका बुधवारी चढावर इंजिनाने मान टाकली. आम्ही ढकलत पोहोचलो तोवर पेटीत पाणी झालं होतं. मजुरी बुडवून बसलेल्या आया मुलांना घेऊन परत गेल्या.

"पुढच्या बुधवारी असं झालं तर त्या पुन्हा येणार नाहीत," बायको म्हणाली. "मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते."

म्हणून गाडी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका म्हाताऱ्या सिंधी मिस्त्रीकडे नेली. त्याला सगळे साईं म्हणत आणि तोही सगळ्यांना साईं म्हणे, त्यामुळे त्या दुकानात कुणालाच नाव नव्हतं. त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटले.

"कॅम घिस गया, साईं. टॅपेट पण."

मी गाडीचं इंग्रजी पुस्तक विकत घेऊन वाचून आलो होतो. फिरता कॅम आपल्या उंचवट्याने टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट दांडीला, दांडी व्हॉल्व्ह उघडते. उंचवटाच झिजला तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो. हे सगळं मी त्याला समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"किताब बाजूला ठेवा. तेल लागेल."

"टॅपेट जुनेच चालतील का?"

"नव्या चपलेत जुना खडा ठेवून चालता काय तुम्ही?"

नव्या कॅमना त्याने बोटाने जाड तेल चोपडलं, लहान बाळाला चोपडतात तसं. कॅमच्या दातेरी चाकांवरचा ठिपका ठिपक्यासमोर आणला, मग स्वतः न बघता मला बघायला लावलं. झाकण लावण्याआधी मालकाने दोन्ही दांड्या फिरवून पाहायच्या, हा त्याचा नियम होता. "दोन बोटांत फिरली पाहिजे, वरखाली हलता कामा नये. उद्या माझ्या नावाने ओरडायचं नाही."

दांड्या फिरल्या. गाडी सुरू झाली तेव्हा टकटक नव्हती; ती चालू आहे ना, याची मी खाली वाकून खात्री केली. शिवणयंत्रासारखी चालत होती.

बुधवारी चढ एका दमात पार झाला. बर्फ जसाच्या तसा. आणि वाडीत माणूस नाही. चुली धुमसत होत्या, दारं उघडी होती. अर्धा तास गेला, तास गेला. बायको सारखी पेटीचं झाकण चाचपत होती. शेवटी एका दारात एक आजी दिसली. तिला चालवत नव्हतं, म्हणून ती तिथे होती.

"आजी, बाया कुठं गेल्या?"

"रानात पळाल्या. फारेष्टवाला आला म्हून." मग तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "तुमीच व्हय?"

"आमचीच गाडी, आजी."

"तुमची वाजते. पार टेकाडापासून वाजते, तवा बाया उठतात, पोरं घेऊन बसतात. मुक्या गाडीनं येतो तो फारेष्टवाला. लाकडं धरतो."

म्हणजे अख्खी वाडी माझ्या झिजलेल्या कॅमवर घड्याळ लावत होती, आणि मी ते घड्याळ दुरुस्त करून बंद पाडलं होतं. साहेबांचंही थोडं खरं होतं. आवाज आला की माणसं उठत होती.

बायको रानाच्या कडेला गेली आणि एकेका पोराचं नाव घेऊन हाका मारू लागली. एकेक जण झाडांतून बाहेर आली. एक म्हणाली, "बाई, गाडी बदलली तर सांगायचं ना. माझी मोळी फेकली मी वहाळाच्या पाण्यात." शेवटच्या बाळाला टोचलं तेव्हा पेटीत सुपारीएवढा बर्फ उरला होता.

परत आल्यावर बायको स्वतः मिस्त्रीकडे आली. "काका, टकटक परत पाहिजे."

त्याने फडक्याला हात पुसले. "चालीस साल आवाज काढून टाकला, बेटी. घालायला कुणी नाय सांगितलं. हॉर्न वाजवा ना."

"हॉर्न फारेष्टवाल्याकडेपण आहे."

तिने सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "बच्चे कितने?" मग मला खाली बसवून दोन पाने हातात दिले. "एकच टॅपेट. पाव फेरा ढिला, इंजिन थंड असताना. गुरुवारी सकाळी परत टाइट. आणि साईं, कुणी विचारलं तर माझं दुकान सांगू नका."

पुढची कित्येक वर्षं दर बुधवारी सकाळी मी चांगलं इंजिन बिघडवत होतो. बायको पेटी घेऊन दारात उभी असायची.

"बिघडली का?"

"बिघडली."

मग ती मागे बसायची.