कुत्री नेमकी कोणाची

जवसाच्या तेलाचा वास आला की मला आमच्या गावठी कुत्रीचा चामडी पट्टा आठवतो. सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर हौशी लोकांच्या पाळीव कुत्र्यांची आज्ञापालनाची स्पर्धा होती, आणि त्या सकाळी मी तो पट्टा तेल चोळून चकचकीत केला होता. आजूबाजूला बंगल्यांतले अल्सेशियन होते, पण मी कॉलेजातली मुलगी, मला कोणाची भीती! बस म्हटलं की ती बसली, थांब म्हटलं की थांबली, दवाने ओल्या गवतावर माझ्या पावलाबरोबर चालली. शेवटी कुत्र्यापुढे मटणाची ताटली ठेवायची आणि मालकाने सांगितल्यावरच त्याने खायचं, असं होतं. दोन अल्सेशियन तिथेच घसरले. आमची मात्र दगडासारखी बसून राहिली. परीक्षकांनी खूण केल्यावर मी ऐटीत म्हटलं, "खा." ती हलेना. पुन्हा म्हटलं, तरी नाही. तेव्हा मला उमगलं, आमच्या घरी आईने म्हटल्याशिवाय कोणीच घास उचलत नसे, कुत्रीसुद्धा नाही. तेवढ्यात प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडून आई ओरडली, "खाय वं माय, काहून बसून राहिली?" ताटली क्षणात साफ झाली. परीक्षक हसत म्हणाले, "कुत्री नेमकी कोणाची?" आई म्हणाली, "पट्टा हिच्या हाती, भाकर माह्या." त्यांनी यादीतलं माझं नाव खोडून आईचं लिहिलं आणि पहिलं बक्षीस तिला दिलं. ते प्रशस्तिपत्र आज माझ्या बैठकीत टांगलेलं आहे, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी अजूनही छातीठोकपणे सांगते की कुत्री माझीच होती.