तिसऱ्या मजल्याचं दार

बंदरावरच्या जुन्या गोदामात गोणीकाकूंनी उभं आयुष्य गोण्यांची तोंडं शिवण्यात घालवलं. स्वतःचं तोंड मात्र कधी शिवून घेतलं नाही. आज तर जिना चढतानाच त्यांचा पट्टा सुरू झाला होता.

गोदाम आता गोदाम राहिलं नव्हतं. नव्या मालकाने दगडी भिंती गुळगुळीत लिंपून तिथे पाहुण्यांसाठी ‘जुनं बंदर’ मांडलं होतं. जिना अरुंद, कारण माल कधी जिन्याने चढलाच नाही. पाण्याच्या अंगाला प्रत्येक मजल्यावर एकावर एक दारं. बाहेर ना सज्जा ना कठडा, थेट पोकळी. छपराखालून पुढे आलेल्या तुळईला कप्पी. तिच्यावरून गोणी वर यायची आणि दारातला गडी बाहेर झुकून ती आत ओढायचा. त्याच्या कमरेला दोर, दोराचं टोक भिंतीतल्या लोखंडी कडीला. काकूंचे यजमान जन्मभर असे झुकले आणि रोज आपल्या पायांनी घरी आले.

आता पाहुण्यांना गंमत दाखवायला तिथे त्यांचा मुलगा उभा राहायचा. उंचीमुळे सगळे त्याला लंब्या म्हणत. तो दोर बांधत नाही, हे काकूंना कालच कळलं होतं.

“दोर कुठाय?” वर पोचताच त्या कडाडल्या.

“आई, गोणीत नुसता भुसा आहे गं.”

“गोणीत आहे की डोक्यात?”

कप्पीचा दोर धरणारा सोबती फिदीफिदी हसला. “काकू, त्याला पाळण्यातच बांधा की!”

“तू थांब. दोघांना एकाच गोणीत घालून शिवते.”

आवाज ऐकून व्यवस्थापक वर आला. “काकू, पाहुणे खाली जमलेत. दोर बांधलेला माणूस फोटोत बरा दिसत नाही हो. आणि ती कडी आम्ही लिंपून टाकली. गंजाचे ओघळ यायचे भिंतीवर.”

“भिंतीचा रंग जपलात, आणि माझं पोर?”

कोपऱ्यातली हातोडी उचलून काकूंनी चौकटीजवळ घाव घातला. व्यवस्थापक “अहो, अहो” करत राहिला. गिलावा ढासळला, काळी कडी दिसली.

“ही बघ! तुझ्या बापाला हिनेच सांभाळलं.” कोपऱ्यातलाच एक दोर घेऊन त्यांनी स्वतः लंब्याच्या कमरेला गाठ मारली, दुसरं टोक कडीत ओवलं. दार उघडण्याआधी दोराला झटका द्यायचा, ही इथली जुनी रीत. काकूंनी रागारागाने सगळा भार टाकून ओढलं.

कडी भिंतीतून सुटली आणि काकू धप्पकन खाली बसल्या. ओल्या गिलाव्यात कोंडलेला कडीचा दांडा गंजाने आतून पार खाल्ला होता. हातात गंजाचा चुरा.

कोणी हसलं नाही. लंब्याला या कडीला काकूंनीच आपल्या हातांनी बांधलं होतं. रागावायला समोर एवढी माणसं होती, पण काकूंना पहिल्यांदा स्वतःचाच इतका संताप आला की शब्द फुटेना.

लंब्याने गाठ सोडली, दार ओढून अडसर लावला.

“अरे, पाहुण्यांना काय सांगू?” व्यवस्थापक म्हणाला.

“नवी कडी बसेपर्यंत हे दार उघडणार नाही, हे सांगा,” लंब्या म्हणाला. “नसेल पटत तर तुम्ही उभे राहा इथे.”

त्याने आईला उठवायला हात पुढे केला. काकूंनी तो झटकला.

“दोर बांधत नाहीस, हे एका शब्दाने बोलला नाहीस तू! मला परक्यांकडून कळावं?” सूर सापडला होता. “चल खाली. पुढे हो. आणि भिंतीला धरून उतर.”