चोचीच्या मापाचं दळण

सोसायटीच्या चेअरमननी गिरणीकाकूंच्या मागच्या दाराबाहेर पाटी ठोकली, तेव्हा काकू आत चहा गाळत होत्या. चार खिळे ठोकून होईपर्यंत त्यांनी दम धरला, चहा संपवला, मग बाहेर येऊन पाटी सावकाश वाचली. ‘आवारात पक्ष्यांना दाणे टाकण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’

“हुकूम कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“कमिटीचा,” चेअरमन म्हणाले. हातोडी त्यांनी पाठीमागे लपवली होती.

“शेवटचा खिळा वाकडा गेलाय,” एवढंच बोलून काकू आत गेल्या.

पाटी ही नुसती सुरुवात होती. काकूंच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांमागे मातीचा एक पट्टा होता. रुंदीला जेमतेम एक खाट मावेल एवढा, लांबीला पंधरा पावलं. कागदोपत्री तो सोसायटीचा. पण वीस वर्षांपूर्वी तिथे विटांचे तुकडे आणि संडासाची फुटकी भांडी टाकलेली होती, तेव्हा त्यावर कुणी हक्क सांगितला नव्हता. काकूंनी ते सगळं स्वतः उपसलं, पेरूचं झाड लावलं, आणि आता तिथे उजाडल्यापासून चिमण्यांचा असा बाजार भरायचा की पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू जावं. चेअरमनना या पट्ट्यावर फरशी हवी होती. कारण काय, तर गच्चीवर कबुतरं फार झालीत, पाण्याच्या टाकीचं झाकण घाणीनं भरलंय, आणि हे सगळं काकूंच्या दाण्यांमुळे. रविवारच्या सभेत हात वर झाले की सोमवारी गवंडी येणार होता.

काकूंना हे काही नवीन नव्हतं. नवरा गेला तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या, आणि पिठाच्या गिरणीचं बटण कुठल्या भिंतीवर आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. धाकटे दीर मोठ्या मायेनं आले. “वहिनी, गिरणी माझ्या नावावर करा. दगड उघडायचा, छिन्नीनं खाचा पाडायच्या, हे काय बाईमाणसाचं काम आहे?” काकूंनी त्यांना पाणी दिलं, बिस्किटं दिली, आणि दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन दगडापाशी बसल्या. पहिल्या खेपेला असं पीठ निघालं की गिऱ्हाइकांनी डबे परत आणून आपटले. दुसऱ्या खेपेला डाव्या करंगळीचं टोक गिरणीच्या पट्ट्यात गेलं. तिसऱ्या खेपेपासून कुणाची नावं ठेवायची टाप झाली नाही. दीर अजूनही येतात, पीठ न्यायला.

तीस वर्षांत काकूंचा हात असा तयार झाला की डब्यात बोटं घातली की आतलं धान्य कुठल्या दुकानातलं आणि किती जुनं, ते त्या सांगायच्या. कुणाला बारीक लागतं, कुणाला जाड, कुणाच्या घरी दात नसलेलं माणूस आहे म्हणून पेजेपुरतं भरडून हवं, हे सगळं डोक्यात. डब्यावरच्या चिठ्ठ्या त्या फक्त शुद्धलेखनाच्या चुका काढायला वाचायच्या. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि गिरणी सुनेनं घेतली. सूनही काही कमी नव्हती. तिनं पहिल्याच महिन्यात गिरणीचा पट्टा बदलला आणि सासूला सांगितलं, “आई, आता तुम्ही बसा. गिरणीत यायचं ते गिऱ्हाईक म्हणून.”

बसणं काकूंना जमेना. मग त्यांनी पक्ष्यांची गिरणी काढली.

विकतचे दाणे आणायची ऐपत नव्हती, आणि विकतचा दाणा पक्ष्यांना जास्त गोड लागतो असं अजून तरी कुठल्या पक्ष्यानं सांगितलेलं नाही. सून संध्याकाळी दोन पिशव्या आणायची. एकीत चाळणीवर उरलेलं, दुसरीत गिरणीच्या तोंडाशी सांडलेली तांदळाची कणी. काकू ते निवडायच्या, पाखडायच्या, उन्हात घालायच्या. चिमण्यांना कणी, तीही दुपारच्या आत संपेल एवढीच. बुलबुलांना फळवाल्याकडची डागाळलेली पपई, अर्धी कापून पेरूच्या फांदीवर खिळ्याला टोचलेली. भोपळ्याच्या आणि कलिंगडाच्या बिया धुऊन, वाळवून, वरवंट्याचा एकच हलका फेरा दिलेल्या. अंडी घालायच्या दिवसांत आम्लेटच्या गाडीवरची टरफलं तव्यावर भाजून चुरायची. एका कोपऱ्यात गवत आणि पालापाचोळा तसाच ठेवायचा, तिथे झाडू न्यायचा नाही, कारण दयाळ पक्ष्याला तुमचं धान्य नको असतं, त्याला किडे हवे असतात. पाण्याची परात उथळ, मध्ये दगड, म्हणजे लहानग्यांचे पाय टेकतात. शिळा पाव नाही, खारं काही नाही. “जशी चोच तसं दळण,” काकू म्हणायच्या, “मग पैसा लागत नाही. नीट बघावं लागतं, तेवढंच.”

हे नीट बघणं त्या एका चुकीतून शिकल्या होत्या. पहिल्याच वर्षी त्यांनी ओला कोंडा ढिगानं ओतून ठेवला. प्रेम उतू चाललं होतं. चार दिवसांत त्याला बुरशी धरली, आणि पाचव्या दिवशी परातीपाशी तीन चिमण्या पाय वर करून पडलेल्या. “वारं लागलं असेल,” सून म्हणाली. “वारं नाही, मी,” काकू म्हणाल्या, “मी मारल्या.” त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तेव्हापासून परात रोज उकळत्या पाण्यानं घासली जायची, ताप असो, पाहुणे असोत.

आणि अशा बाईला लोक सांगत होते की तुझ्यामुळे घाण होते!

शुक्रवारी गिरणीत पिशव्या घ्यायला काकू स्वतः गेल्या. सून डबे लावत होती.

“आई, चेअरमनकडचा डबा बघा. पूर्वी काठोकाठ यायचा. दोन-तीन महिने झाले, अर्धाच येतो.”

डब्यात पांढरा मका होता. चेअरमनच्या आईसाठी गावाकडच्या शेतातून यायचा तो. साऱ्या इमारतीत बाकी सगळ्यांकडे पिवळा. चिठ्ठी म्हातारीच्याच थरथरत्या अक्षरातली: ‘मका, भरड, माझ्यापुरता.’

“म्हातारीचं खाणं कमी झालं असेल,” काकू म्हणाल्या. “झाकण लाव. लोकांच्या डब्यात डोकवायचं नसतं.”

“पण आई, रविवारी जरा नमतं घ्या हं. मलाही याच लोकांचे डबे दळायचेत.”

“तू दळ. नमतं घ्यायचं असतं तर आज गिरणी माझ्या दिराची असती.”

सून हसली, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. नाही म्हणायला तीसेक माणसं जमली. एरवी पाचव्या मजल्यावरून खाली न उतरणारी चेअरमनची आईसुद्धा आज हट्टानं आली होती आणि लिफ्टच्या दारापाशी काठी धरून बसली होती. चेअरमननी आधी टाकीच्या झाकणाचे फोटो फिरवले. मग खिशातून काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली, एखाद्या वकिलानं शेवटचा पुरावा काढावा तशी.

“हे कालच मी स्वतः गच्चीवर टाकीपाशी वेचलंय. इमारतीत पक्ष्यांना धान्य घालणारं घर एकच आहे. काकू, आता बोला.”

काकू उठल्या. गुडघे कुरकुरले, त्यांना त्यांनी भीक घातली नाही. बरणी उघडून त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला.

“साहेब, हा मका आहे. आख्खा. माझ्या चिमणीच्या चोचीत हा मावेल का? तिला मी तांदळाची कणी घालते. आख्खा मका खातं ते कबूतर, आणि कबुतराला मी आजवर एक दाणा घातलेला नाही. माझ्या पिशव्या सुनेच्या गिरणीतून येतात. यावं कुणीही आणि तपासावं.”

“मग हा कुणाचा?”

काकूंनी पुन्हा तळहाताकडे पाहिलं, आणि त्यांचं बोट थांबलं. मका पांढरा होता. शुक्रवारचा अर्धा डबा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. त्यांनी लिफ्टकडे पाहिलं. म्हातारीची मान खाली होती. तिचे मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडतात ते अंधार पडल्यावर घरी येतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पाचव्या मजल्यावरून गच्ची एकाच जिन्यावर. दिवसभर बोलायला येणार कोण, तर कबुतरं.

“बोला ना, कुणाचा?”

“मला ठाऊक आहे,” काकू म्हणाल्या. “सांगणार नाही.”

एकच गलका झाला. “म्हणजे तुमचाच!” मागून कुणीतरी ओरडलं. सुनेनं काकूंची बाही ओढली. “आई, सांगून टाका ना. पट्टा जाईल.”

काकूंनी बाही सोडवून घेतली. त्यांचा आवाज चढला तेव्हा गिरणीच्या घरघरीवरून बोलायची तीस वर्षांची सवय सगळ्या पार्किंगला ऐकू आली.

“तीस वर्षं तुमचे डबे माझ्या हाताखालून गेलेत. कुणाच्या डब्यात सोनं होतं आणि कुणाच्यात सोंडे-किडे, ते मी सख्ख्या सुनेलाही सांगितलेलं नाही. आज फरशीच्या भीतीनं सांगेन असं वाटलं तुम्हाला? घाला फरशी! दोन फरश्यांमध्ये फट राहतेच. मी त्या फटीत गवत पेरीन. फट बुजवलीत तर परात खिडकीत ठेवीन. खिडकीला जाळी मारलीत तर तळहातावर कणी घेऊन रस्त्यावर उभी राहीन, आणि रस्ता काही तुमच्या कमिटीचा नाही.”

चेअरमननी टेबलावरचे फोटो गोळा केले. “भाषण झालं असेल तर हात वर करा. फरशीच्या बाजूनं कोण कोण?”

हात वर जाऊ लागले. आधी तीन, मग सात, मग मोजायला नको एवढे. काकू उभ्याच राहिल्या. वर गेलेला प्रत्येक हात त्यांनी डोळे न मिटता पाहिला. त्यातले निम्मे हात त्यांच्या पिठावर पोसलेले होते, आणि त्यांना वाईट वाटलं. अगदी आतून वाईट वाटलं.

तेवढ्यात काठीची टकटक ऐकू आली. म्हातारी खुर्च्यांमधून वाट काढत टेबलापाशी पोचली आणि तिनं बरणी उचलली.

“हात खाली घ्या सगळ्यांनी,” ती म्हणाली. “हा मका माझा आहे.”

“आई, तू वर जा बरं,” चेअरमन म्हणाले. “तुला यातलं काही कळत नाही.”

“मला कळत नाही?” म्हातारीनं बरणी त्यांच्या नाकासमोर धरली. “आपल्या शेतातला पांढरा मका. वर्षभर घरात शिजतोय. काल स्वतःच्या हातानं वेचलास, बरणीत भरलास, आणि तुला ओळखता आला नाही! ही गिरणीवाली बाई, तिनं एक दाणा चावला आणि ओळखला. ओळखून गप्प बसली, माझ्यासाठी. तू माझं ताट कधी पाहिलंस का रे?”

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. कुणी उगाच डोकं खाजवलं, कुणी घड्याळ पाहिलं.

काकूंना हायसं वाटलं, पण चेहऱ्यावर त्यांनी ते येऊ दिलं नाही. त्यांनी म्हातारीला स्वतःची खुर्ची दिली आणि वर दटावलंही. “आजी, तुम्ही चूकच केलीत. कबुतरांना परत मूठभर जरी टाकलंत ना, तर पुढची तक्रार माझी असेल. पक्षी बघायचे असतील तर खाली या. रोज सकाळी सातला. पण माझ्या हाताखाली काम करावं लागेल.”

सोमवारी गवंडी आला नाही. आजी मात्र सातच्या आधी हजर झाल्या. तांदळातली माती निवडायला दिलेलं सूप मांडीवर घेऊन त्या पेरूखाली बसल्या आणि पहिली चिमणी परातीवर उतरली तेव्हा लहान पोरीसारख्या हसल्या.

निघताना त्यांचं लक्ष पाटीकडे गेलं. “हे काढून टाकायला सांगू का मुलाला?”

“मुळीच नाही,” काकू म्हणाल्या. “नियम चांगला आहे. लिहिणाऱ्याला दळणातलं काही कळत नव्हतं, एवढंच.” त्या आतून डब्यांच्या चिठ्ठ्या लिहायचं जाड पेन घेऊन आल्या आणि आजींच्या हातात दिलं. कुठे काय लिहायचं, ते बोटानं दाखवलं.

आजींनी थरथरत्या अक्षरात ‘दाणे’च्या आधी एक शब्द घातला. पाटी अजून तिथेच आहे, वाकड्या खिळ्यासकट: ‘आवारात पक्ष्यांना आख्खे दाणे टाकण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’