सातचं इन्स्पेक्शन

लघुकादंबरी लिहायला किती दिवस लागतात हे मला आजही सांगता येणार नाही, पण तिचं वेळापत्रक करायला मला अठरा दिवस लागले. हिरव्या शाईत लेखन, लाल शाईत पुनर्लेखन, निळ्या शाईत चिंतन. पहाटे पाचला उठायचं, साडेसहापर्यंत लिहायचं आणि मग स्कूटर काढून राइट टाउनमधली माझी शाळा गाठायची. तक्ता मी फ्रिजवर चिकटवला. नवऱ्याने तो दोनदा वाचला आणि निळा रंग छान उठून दिसतो म्हणाला.

मुदत पोळ्यापर्यंतची होती. नागपूरच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांना याआधी दोनदा मी शब्द दिला होता आणि दोन्ही वेळा तोंडघशी पाडलं होतं. एकदा तर माझ्या पानांवर त्यांना बारा राशींचं भविष्य छापावं लागलं. या खेपेला ते फोनवर फार गोड बोलले. "नाही जमलं तर मोकळेपणी सांगा मॅडम, मग मी पुन्हा त्रास देणार नाही." रागावलेला माणूस परवडतो. गोड बोलणारा सोडून द्यायच्या बेतात असतो. बावन्न वर्षांच्या, एकही पुस्तक नसलेल्या बाईला चौथ्यांदा कोणी विचारत नाही.

पहिल्या दिवशी मी खरंच पाचला उठले. सव्वापाचला सासरे "तू लिहून राहिली का?" असं विचारायला आले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने कौतुकाने चहा आणला आणि स्वतःचा कप घेऊन समोरच बसला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दीदी खिडकीतून कुजबुजल्या की दिवा दिसला म्हणून विचारते, घरात सगळे बरे आहेत ना. चौथ्या दिवसापासून मी चिंतनाला लागले. ते पांघरुणातही करता येतं.

सासरे तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते. संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये काढली होती. तयार झालेला भाग मापाच्या गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर पास, नाही तर रीवर्क. घरातही त्यांनी तिसरा शेरा कधी वापरला नाही. माझी पहिली पुरणपोळी रीवर्कला गेली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा ठिपका आला आणि वाचन सुटलं. टीव्हीला ते गोंगाट म्हणत. संध्याकाळी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहत, रस्त्याकडे तोंड करून.

महिना असाच गेल्यावर एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "किती झालं?"

"सध्या चिंतन चालू आहे, बाबा."

"चिंतन गेजमध्ये बसत नाही, बेटा. माल दाखव. उद्यापासून रोज सातला. अर्धं पान चालेल."

मला संताप आला. माझ्या लेखनाला हे माल म्हणणार. पण दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी खुर्ची वळवून ठेवली होती आणि चष्मा पुसला होता, ज्याचा त्यांना काहीही उपयोग नव्हता. रिकाम्या हाताने समोर जायची माझी हिंमत झाली नाही. साडेसहाला कुकर लावला आणि उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवणीवर अर्धं पान खरडलं. भेडाघाटचा एक म्हातारा कारागीर, ज्याने आयुष्यभर पर्यटकांसाठी संगमरवराचे बोटभर हत्ती कोरले आणि ज्याला मरायच्या आधी एक मोठा हत्ती करायचा आहे, त्याचं ते अर्धं पान मी वाचून दाखवलं. "पास," सासरे म्हणाले.

मग सवयच लागली. शाळेच्या ऑफ तासाला, ओमती भागात चक्कीवर दळण होईपर्यंत, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, मिळेल तिथे मी लिहू लागले. तक्त्यातल्या एकाही वेळेला मी एक ओळ लिहिली नाही. सातला इन्स्पेक्शन. "काल त्याचा उजवा गुडघा दुखत होता, आज डावा काहून?"

"तेवढं चालतं, बाबा."

"गुडघ्यात टॉलरन्स नसतो."

मी मुकाट्याने गुडघा बदलायची. त्यांचं चुकत नसे, हाच मोठा त्रास होता.

पोळ्याला आठ दिवस असताना शेवटचं प्रकरण झालं. हत्ती पूर्ण होतो आणि म्हातारा त्याच्या सावलीत बसून भाकर खातो. मीच वाचताना गहिवरले. सासरे म्हणाले, "रीवर्क. सोंड घाईत झाली."

सोंड पुन्हा केली. दोन दिवसांनी म्हणाले, "म्हाताऱ्याची सून फार शांत आहे. अशी सून राहत नाही." सुनेला तोंड दिलं. मग म्हणाले, "हे शेवटचं वाक्य शेवटचं वाटून नाही राहिलं." पोळा दोन दिवसांवर आला होता. नागपूरला राशिभविष्य तयार असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

"बाबा, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" माझा आवाज चढला.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला काय पाहिजे, बेटा. चलो, उद्या बघू."

मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. मागून माझी कॉलेजातली मुलगी आली. तिला मराठी सगळं कळतं, पण या हिंदी शहरात वाढल्याने उत्तर हिंदीतच येतं. म्हणाली, "आई, पास कर देंगे तो परसों सात बजे आबा क्या करेंगे?"

मी कणीक मळत होते. चार महिने मी माझी मुदत मोजत होते. त्यांचीही एक मुदत होती, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी एक अक्षर बदललं नाही. वाचायच्या आधी मीच म्हणाले, "बाबा, उद्या पोळा आहे, पण परवा सातला मी येणार आहे."

"काहून? माल तर संपला."

"दुसरा काढते."

त्यांनी मान हलवली. मी तेच प्रकरण वाचलं.

"पास," ते म्हणाले. "सोंड आता ठीक झाली."

पोळ्याच्या सकाळी मजकूर नागपूरला गेला. संपादकांचा फोन आला, त्यात आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं. दिवसभर मी तरंगत होते. दुसऱ्या संध्याकाळी सातला बाहेर आले तर खुर्ची वळवलेली, चष्मा पुसलेला आणि माझ्याकडे एक ओळ नाही. मी आत जाऊन फ्रिजवरचा तक्ता काढून आणला आणि सरळ वाचायला लागले. "ती रोज पहाटे पाचला उठते. साडेसहापर्यंत लिहिते."

"थांब," सासरे म्हणाले. "कोण ही बाई?"

"मीच."

"पाचला उठते?"

"हो."

"रीवर्क," ते म्हणाले, आणि खुर्ची जरा जवळ ओढली.