ताईच्या नवऱ्याला मी नायक केलं

माझी मोठी बहीण लग्नानंतर दोन वर्षांनी, एका गुरुवारी सकाळी, दोन पिशव्या घेऊन खांदेश्वरच्या घरी आली. आई भाकऱ्या थापत होती. "एकटीच?" एवढंच आईनं विचारलं. "थोडे दिवस राहते," ताई म्हणाली. आबांनी तिच्या पिशव्या उचलून माझ्या खोलीत ठेवल्या आणि ते कामावर गेले. मार्केटात पोती वाहण्यात त्यांचा जन्म गेला होता. मुलींशी काय बोलावं हे त्यांना कधी समजलं नाही.

मी तेव्हा नेरूळला डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होते. दुपारी दोन ते चार पेशंट नसायचे. त्या वेळात मी मोबाईलवर गोष्टी लिहायचे आणि मराठी गोष्टींच्या एका अ‍ॅपवर टोपणनावानं टाकायचे. वर्षभर लिहीत होते, पण वाचणारं फारसं कोणी नव्हतं. त्या अ‍ॅपवर चालायच्या त्या रक्तपिशाच्चांच्या प्रेमकथा. त्या सगळ्या वाचून मी त्यांचं गणित पाठ केलं होतं. तो शेकडो वर्षांचा, देखणा आणि एकटा असतो. तिला तो सहज मारू शकतो, पण मारत नाही, आणि त्यालाच प्रेम म्हणायचं. ती झोपली की तो तिच्याकडे बघत बसतो. तिच्यासाठी तो जग सोडत नाही, तीच त्याच्यासाठी आपली माणसं सोडते. आणि शेवटी मान तिनं स्वतःहून पुढे करायची, नाहीतर वाचकांना तो आवडत नाही. एवढं सगळं माहीत असून माझा नायक मात्र पुठ्ठ्याचा व्हायचा.

ताई बोलायला लागली ती पहिल्या रविवारी. आई देवळात गेली होती.

दाजी रबाळ्याला रंगाच्या कारखान्यात कायम रात्रपाळीला. दिवसा झोपायचं म्हणून त्यांनी खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता. "दिवस हाय का रात हाय काय कळायचं नाही," ताई म्हणाली. ती दुपारी जरा पडली की ते उठून तिच्या उशाशी बसायचे. डोळे उघडले की समोर त्यांचा चेहरा. शेजारच्या बाईकडे जायचं नाही, आंघोळीला कडी लावायची नाही. एकदा ती फोनवर मामाशी बोलताना मोठ्यानं हसली. फोन ठेवल्यावर त्यांनी तिचा हात ओढून घेतला आणि चावले.

"चावले?"

तिनं बाही वर केली. कोपराच्या खाली दोन अर्धवर्तुळं होती, काळपट पडलेली. "मग स्वतःच हळद लावली. रडले. म्हणाले, तू दुसऱ्याशी हसलीस की माझ्यातलं कायतरी जातं."

मी तिला जवळ घेतलं. हेही खरं आहे. पण जवळ घेतलेलं असताना ते शेवटचं वाक्य विसरू नये म्हणून मी मनातल्या मनात घोकत होते.

"बारके, आईला तू सांग," ती म्हणाली. "मला तिच्यासमोर बोलता येत नाही. आबांना आई सांगंल."

"सांगते," मी म्हणाले.

सोमवारी दुपारी दवाखान्यात बसून मी पहिला भाग लिहिला. काळ्या काचांचा बंगला आणि त्यात दिवसा झोपणारा तो. ताईनं सांगितलेली वाक्यं मी फक्त जरा प्रमाण मराठीत घेतली. हळदीच्या जागी त्याच्या रेशमी शर्टाची फाडलेली पट्टी आली. आंघोळीच्या कडीचं काही करता येईना, म्हणून ती गाळली. चावा मात्र ठेवला आणि त्याआधी एक ओळ घातली, की तिनंच हात पुढे केला होता.

आठवड्याभरात शेकड्यांनी बायका वाचायला लागल्या. खाली त्या लिहायच्या, असा जीव लावणारा मिळायला नशीब लागतं. माझ्या नवऱ्याला तर मी घरात आहे की नाही हेही कळत नाही. लवकर पुढचा भाग टाका, मॅडम.

मला पुढचा भाग हवा होता म्हणून मी आईला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरात बोलणी झाली असती, रडारड झाली असती आणि ताईनं माझ्याजवळ बोलणं थांबवलं असतं. रोज दिवे घालवल्यावर मी विचारायचे, "मग काय झालं?" ती सांगायची. कधी थांबली तर मी तिचे केस विंचरायला घ्यायचे, मग ती पुन्हा सुरू व्हायची. एकदा मी विचारलं, "तेव्हा त्यांचे डोळे कसे दिसत होते?" ती "असलं कशाला विचारतीस गं?" म्हणाली. मी म्हणाले, "बोललीस की हलकं वाटतं." आईनं दोनदा मला बाजूला घेऊन विचारलं, "काय म्हणते ती?" मी म्हणाले, "काही नाही, बारीकसारीक भांडण आहे."

महिन्याभरानं एका शनिवारी मी घरी आले तर ताई मेथी निवडत बसली होती. मोबाईल ताटाला टेकवून ठेवलेला.

"खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी पाठवली ही गोष्ट," ती म्हणाली. "तू लिहितीस ना?"

मी ओरडा खायची तयारी केली. ती ओरडली नाही. एकेक पान खुडत म्हणाली, "सगळं वाचलं. खालचंबी वाचलं, बायका काय काय लिहितात ते. लई आवडतो त्यांना."

"गोष्ट आहे ती, ताई."

"तुलाबी आवडतो?"

तेव्हा नाही म्हणायचं होतं. तो मला किळसवाणा वाटतो, आज आबा आले की सगळं सांगू, एवढं बोलायला एक मिनिट लागलं असतं. पण ती चिडली नाही याचा मला आनंद झाला होता, आणि त्याहून जास्त आनंद तिनं सगळे भाग वाचले याचा. मी म्हणाले, "नायक आवडावाच लागतो गं, त्याशिवाय लिहिता येत नाही."

तिनं मान हलवली आणि काड्या वेगळ्या केल्या.

पुढच्याच रविवारी दाजी आले. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. आबांच्या पाया पडले. "माझं चुकलं असंल तर पदरात घ्या," म्हणाले. आई तर विरघळलीच. आबांनी ताईला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" तेव्हा ताईनं आधी माझ्याकडे बघितलं. मी पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडत होते.

"जाते," ती म्हणाली.

त्या आठवड्यात माझी नायिका काळ्या काचांच्या बंगल्यात परत गेली. त्या भागाइतकं माझं काहीच वाचलं गेलं नव्हतं.

चार महिन्यांनी मी रबाळ्याला गेले. भर दुपारी घरात ट्यूब लावलेली होती. ताई हडकली होती, आणि चहा ठेवायला उठतानाही आधी दाजींकडे बघत होती. दाजी माझ्याशी इतके चांगले कधीच बोलले नव्हते.

"तू लिहितेस ते मी वाचतो," ते म्हणाले. "हिच्या मोबाईलात सापडलं. दुपारी हिला वाचून दाखवतो. माणसाच्या आतलं बरोबर लिहितेस तू. मला जे बोलता यायचं नाही ते तू लिहिलंयस."

मग त्यांनी मला एक वाक्य म्हणून दाखवलं. न अडखळता, डोळे मिटून. माझं होतं, ताईचं नव्हतं. 'तुझं रक्त माझ्यात आहे, आता तू कुठं जाणार?' ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिनं गॅस बारीक केला. कप माझ्या हातात देताना तिची बाही मागे सरली. जुने व्रण कुठले आणि नवे कुठले हे सांगता आलं नसतं.

घरी जाऊन मी शेवटचा भाग लिहिला. त्यात नायिका काचा फोडते, ऊन आत येतं आणि तो जळून जातो. बायका खवळल्या. इतकं प्रेम करणाऱ्याला मारलं, लेखिकेला प्रेम कळतच नाही, आम्ही यासाठी वाचत होतो का? दोन दिवस मी तग धरला. तिसऱ्या दिवशी तो भाग काढून टाकला आणि दोघांचं लग्न लावून दिलं. ती त्याच्यासारखी होते, दोघं कायमचे एकत्र. सगळ्या खूश झाल्या.

नंतर एकदा मी ताईला फोन केला. दाजींची कारखान्यात मीटिंग आहे हे आईकडून कळलं होतं, म्हणून तेवढ्यात. मी म्हणाले, "ताई, मी खोटं लिहिलं होतं. तू ते वाचून परत गेलीस."

"गोष्ट वाचून कोण जातं गं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला म्हाईत हाय मला काय झालं ते. पण सगळं ऐकलेली तू एकटी होतीस. सगळं ऐकून तुला तो असा दिसला. तुला वाईट वाटला नाही, तर आबांना काय वाटणार होता? मग म्हटलं, कुणापुढं बाही वर करायची."

"मी आता सांगते आबांना. आज सांगते."

"आता नको. आता मला तिथं बसून सगळ्यांची तोंडं बघायची नाहीत."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. आबा शर्ट चढवून एकटेच रबाळ्याला गेले आणि एकटेच परत आले. ताई त्यांना म्हणाली होती की असं काही नाही, बारकी गोष्टी लिहिते, तिला भास होतात.

आबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ताईचा नंबर बदललाय. मागच्या महिन्यात मी पुन्हा तिच्याकडे गेले होते. दाजींनी दार अर्धवट उघडून शांतपणे सांगितलं की ती आता कोणाला भेटत नाही. आत कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी गॅस बंद केला. मी थोडा वेळ पायपुसण्यावर उभी राहिले, मग जिना उतरले.