आईच्या माहेरची बोटसफर

मंडळी, आजच्या खाडीसफरीचे फोटो टाकणार होते. टाकवत नाहीत.

पेणजवळून बोटीने बेटांवर नेतात. वर खायला वालाच्या शेंगांची पोपटी आणि ताडी. मी आईला मुद्दाम नेलं, कारण त्यातलं एक बेट तिचं माहेर. बांध फुटला, भातशेतीत खारं पाणी शिरलं आणि अख्खं गाव उठलं. त्यानंतर ती आजच तिथे गेली.

बोटवाला सगळ्यांना सांगत होता, "इथं कोण ऱ्हात नाय. एकदम निवांत हाय."

आई एका पडक्या जोत्यावर जाऊन बसली. लोक ताडीचे ग्लास धरून सेल्फी काढत होते. मडक्यातली गरम पोपटी तिच्याही हातात दिली.

निघताना बघते तर वालाच्या शेंगा ती पदरात बांधत होती.

"आई, खाल्ल्या का नाहीस?"

"माहेरातनं रिकाम्या ओटीनं निघू नाय गो. भरायला कोण हाय इथं?"

आता त्या शेंगा देवापुढे ठेवल्यात. कुणाला हात लावू देत नाही. शिजलेल्या आहेत, उद्यापर्यंत आंबतील.

तुम्हीच सांगा, तिला कसं सांगू?