न चालणाऱ्या ब्लोअरचा आवाज

२०२२ साल. मी बहात्तर वर्षांचा, आणि वडगावात माझ्यासारखा कान दुसऱ्या कुणाचा नाही, हे तोवर माझं भेटेल त्याला सांगून झालेलं.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढची सगळी शिकवणी वीजमागाची. मी जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. शेडमध्ये दहाबारा माग धडधडत असले तरी मी दारात उभा राहायचो, डोळे मिटायचो आणि सांगायचो, अमक्या मागाचा बुश गेलाय. दांड्याभोवतीची ती कडी झिजलेलीच असायची. आताची पोरं मोबाईलमध्ये बघून माग उघडतात, तरीपण वडगावातनं, खासबागेतनं मला बोलावणं यायचंच. ह्या कानावर माझी भाकरी होती, आणि भाकरीपेक्षा मोठा माझा तोरा होता.

आता खरं सांगतो. त्या कानातनं बारीक आवाज कधीच निघून गेलेले. जाड तेवढे राहिलेले. माग ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो, बायको चिडली तर ऐकू येते. पाखरं, कुकरची शिट्टी, मोबाईलची घंटी, हे सगळं बंद. जन्मभर मागात उभा राहिल्यावर हे होतंच. माझ्या जोडीच्या सगळ्यांचं झालेलं. पण ते त्यांचं, माझं नाही, असं मी धरून चाललेलो. शेडमध्ये गेलो की गुपचूप मागाच्या अंगावर तळवा ठेवायचो, थरथर हाताला कळायची, आणि कानानं ओळखलं म्हणून सांगायचो. बोलणाऱ्याचे ओठ तर आम्ही मागवाले सगळेच वाचतो. त्या धडधडीत दुसरं करणार काय? त्यामुळं माझं पितळ झाकलेलं राहिलं.

त्या वर्षी डिसेंबरात मुलानं घरी एक शेगडी आणली. तो एका फौंड्रीत आहे. तिथं परदेशात पाठवायच्या लाकडाच्या शेगड्या ओततात. बिडाची जड पेटी, पुढं काचेचं दार. एका पेटीच्या कडेला चरा गेला म्हणून ती नापास झाली, आणि नापास झाली म्हणून आमच्या घरी आली. मुलगा तिला इन्सर्ट म्हणतो. आंघोळीचं पाणी तापवायची आमची जुनी चूल होती त्या कोनाड्यात ती बसवली. धूर धुराड्यातनं वर जायचा. पेटीच्या खाली एक ब्लोअर, म्हणजे नळकांड्यासारखा विजेचा पंखा. तो खालनं थंड हवा ओढायचा आणि पेटीभोवती फिरवून गरम करून खोलीत सोडायचा. बायकोचे गुडघे थंडीत धरतात. तिनं त्याच दिवशी शेगडीसमोर स्टूल मांडलं आणि ती जागा आपल्या नावावर करून घेतली.

मुलगा म्हणाला, "आप्पा, ह्याला कायबी करायचं न्हाय. राख तेवढी काढायची, बास."

मशीन आणि त्याला काही करायचं नाही? हे तो मला सांगणार? मागाला सकाळी पहिल्यांदा तेल, मग माणसाला चहा, अशी आमच्या घरची रीत. मुलगा कामावर गेला की मी तेलाची बुधली घेऊन खाली वाकायचो आणि ब्लोअरच्या जाळीतनं चार पिचकाऱ्या मारायचो. रोज. नेमानं. शेगडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलेलं, ते मी स्टुलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलं.

पंधरा दिवस बरे गेले. मग एका सकाळी बायको म्हणाली, "अवो, ते वरडायलंय."

"काय वरडायलंय?"

"ब्लोअर. डुकराचं पिल्लू दाराच्या फटीत गावल्यागत."

मी कान दिला. मला काहीच नाही. जाळीवर तळवा ठेवला, तर थोडी थरथर लागली. "हां, यायलाय की आवाज," म्हणालो. मागाच्या चामड्याचे दोन तुकडे कापून ब्लोअरच्या खाली सारले. थरथर कमी झाली.

"झालं बघ."

"काय झालं? हाय तसंच हाय."

"नवीन मशीन हाय गं. सुरवातीला तोंड करतंय, मग गप बसतंय. तुझ्या उलटं."

दुसऱ्या दिवशी सगळे स्क्रू आवळले. एकाचं डोकं मोडलं, ते कुणाला बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तेल दुप्पट केलं. शेगडी तापल्यावर घरभर धूर आणि खमंग वास.

"वडं तळल्यागत वास यायलाय," बायको म्हणाली, "आणि ताटात काय न्हाय."

तिनं आधी कानाला मफलर गुंडाळला. मग स्टूल उचलून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी नेलं, आणि तिथं थंडीत गुडघे चोळत बसली. "हे गप झालं न्हाय तर मी निपाणीला लेकीकडं जाते," म्हणाली. "तिथं थंडी हाय, पण गप तरी हाय."

रविवारी मुलगा घरी होता. खासबागेतला एक मागवाला त्याच्या मागांचं विचारायला आलेला, कापडात सारखा दोष यायला लागलाय, पण कुठल्या मागाचा ते कळेना म्हणून. चहा झाला. त्यानं शेगडीकडं बघून तोंड वाकडं केलं.

"मामा, तुमच्या घरात काय किंचाळायलंय ओ?"

आता घरात गिऱ्हाईक बसलेलं, मुलगा बसलेला. अशा वेळी गप बसेन तो मी कसला? खुर्ची मागं सारली, हाताची घडी घातली. "हात लावायची बी गरज न्हाय," म्हणालो. "हितनं सांगतो. शिका जरा." आणि डोळे मिटले.

"ऐका. टिर्र, टिर्र. आता जरा दमलं. आता परत आलं, ऐकलासा? हे डावीकडनं यायलंय. डाव्या बाजूचा बुश. सुरवातीला बारीक, मग जाड होत जातंय. बुशाची खूणच हाय ती."

असं मी बराच वेळ बोललो. चांगलं बोललो. डोळे उघडले तेव्हा तिघांपैकी कुणी शेगडीकडं बघत नव्हतं. तिघं माझ्याकडं बघत होते. काचेआड जाळ होता, पण बायकोचा हात भिंतीवरच्या बटनावर होता.

"बटन बंद हाय," ती म्हणाली. "तुमी डोळं मिटलासा तवाच बंद केलंय."

दुसऱ्या कुणी इथं हार मानली असती. मी म्हणालो, "मला म्हाईत हाय. मघाचं आठवून सांगत हुतो."

मागवाला कपातला गाळ बघायला लागला. मुलगा उठला, माझ्याकडं पाठ करून काहीतरी बोलला. पाठीला ओठ नसतात. काहीतरी उत्तर द्यायला पाहिजे म्हणून मी म्हणालो, "बरोबर हाय तुझं."

मागनं बायकोनं सांगितलं. तो म्हणालेला, "आप्पा, तुमास्नी कायच ऐकू येत न्हाय व्हय?"

मागवाला जायला उठला. मी दारापर्यंत गेलो. "माग बघायला कधी येऊ?"

"बघतो मामा. फोन करतो," म्हणाला, आणि स्कूटरला किक मारली.

फोन करतो! पंचवीस वर्षांत त्यानं मला कधी फोन केला नव्हता. दारात उभा राहायचा, मी पाना घेऊन मागनं निघायचो. तो मनानं चांगला, तोंडावर नाही म्हणवलं नाही त्याला. पण आता तो दुसऱ्याला बोलावणार, आणि का बोलावलं ते विचारणाऱ्याला सांगणार. संध्याकाळपर्यंत खासबागेत, उद्या वडगावात. कानाचा जॉबर बंद पंखा ऐकत बसलेला म्हणून लोक चहाबरोबर हसणार. मी असतो तर मीपण हसलो असतो, आणि जरा तिखटमीठ लावून सांगितलं असतं.

मागाच्या खोलीत जाऊन बसलो. आमचा एकच माग राहिलाय, मुलगा घरी असला की तोपण बंद. बऱ्याच वेळानं बायको आली, कांड्यांच्या खोक्यावर बसली. लग्न झाल्यापासनं ती माझ्या मागासाठी कांड्यांवर सूत भरत आलेली, त्या खोक्यावर माझ्यापेक्षा तिचा हक्क जास्त.

"कधीपास्नं म्हाईत हाय तुला?" मी विचारलं.

"लेकीच्या लग्नात. सनई चालू हुती, आणि तुमी मला इचारलासा, वाजंत्री अजून आलं न्हाईत काय म्हणून."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर ऐकला असतासा?" ती म्हणाली, "आणि बरं बी हुतं. तुमच्या मागं हुबं राहून पाहिजे ते बोलता येतंय."

"काय बोलतीस?"

"ते जाऊ दे."

त्यावर मला हसू यायला नको होतं, पण आलं. मग मी जे म्हणालो ते उभ्या जन्मात कुणाला म्हणालो नव्हतो. "चल. तू ऐक, मी उघडतो."

लाकडं विझेपर्यंत आणि बीड गार होईपर्यंत थांबलो. तोवर दोघांनी दुपारचा भात खाल्ला. मग दोन नट सोडून ब्लोअर बाहेर ओढला आणि मागाच्या खोलीत फरशीवर ठेवला. शेडमध्ये बोलणं ऐकू जात नाही म्हणून आमची बोटांची भाषा असते. मूठ म्हणजे थांब, बोट वर म्हणजे आणखी, सपाट तळवा म्हणजे ठीक. ती समोर बसली. मी पंख्याचं नळकांडं हातानं हळूहळू फिरवायला लागलो. बोट वर. बोट वर. मूठ.

"हितं घासतंय," म्हणाली. "उजवीकडं."

मी डावीकडचा बुश म्हणून भाषण दिलेलं ते दोघांनाही आठवलं. तिनं नुसतं बोट परत वर केलं, हे तिचे उपकार.

बॅटरी लावून आत बघितलं. पात्यांमध्ये काकवीत कापूस कालवल्यासारखा लगदा. मागाच्या घरात सुताचं तूस सगळीकडं उडतं, डाळीत पडतं, भुवयांवर बसतं. ब्लोअर ते ओढत होता, आणि मी रोज सकाळी त्यावर तेल पाजत होतो. एका बाजूला सुपारीएवढा गोळा धरलेला. त्याच्या वजनानं पंखा कलायचा आणि पत्र्याला घासायचा. ब्लोअरला काही झालेलं नव्हतं. ब्लोअरला मी झालेलो.

जुना दातांचा ब्रश आणि रॉकेलात भिजवलेली चिंधी घेऊन पातं न् पातं पुसलं. उन्हात टांगून वाळवलं, वास जाईपर्यंत. मुलानं तोवर स्टुलाच्या पायाखालचं पुस्तक काढून आणलं. पहिल्याच पानावर चित्र होतं. तेलाची बुधली, आणि तिच्यावर ही एवढी मोठी फुली. चौथीची गोष्ट सोडा, ते बालवाडीतल्या पोराला कळलं असतं.

मुलगा ते पान माझ्या डोळ्यांसमोर धरून उभा राहिला.

ब्लोअर परत बसवला, बटन दाबलं. माझ्या तळव्याला काही लागेना. मी बायकोकडं बघितलं. ती मान कलती करून बसलेली. आपण मन लावून केलेल्या कामाचा निकाल दुसऱ्याच्या तोंडावर वाचायचा, हे मला नवीन होतं, आणि आवडलं नाही. शेवटी तिनं तळवा सपाट केला.

"खरं?"

"खरं."

"मन राखायला बोलत न्हाईस न्हवं?"

"तुमचं मन राखून मला काय गावलंय आजवर?" म्हणाली, आणि उंबऱ्यावरचं स्टूल उचलून शेगडीसमोर घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. आठ वाजता मी स्कूटर बाहेर काढली आणि तिला म्हणालो, "चप्पल घाल." कुठं म्हणून तिनं विचारलं नाही. खासबागेत त्या शेडच्या दारात उतरलो. मागवाला आम्हा दोघांना बघून बाहेर आला.

"माझं कान गेल्यात," म्हणालो. "हात हायत. ऐकायला हिला आणलंय. चालत असलं तर सांग, न्हायतर परत जातो."

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "बर्री मामा, बर्री," असं कानडीत या म्हणाला, आणि आत वळला.

बायकोनं पदर कमरेला खोचला आणि मागांच्या मधनं चालत गेली. मला वाटत होतं, दुसऱ्या मागात दोष आहे. तिनं चौथ्यापाशी मूठ वळली. मी दुसऱ्याकडं एकदा बघितलं, आणि चौथा उघडला.